फुकटच्या एआयचं बोनाफाईड

आमच्या घरात सध्या तीन जणांकडं पैसेवालं एआय फुकटात आहे. पहिलं आईला मिळालं, मग मला, आणि जी खरंच शिकायलीय त्या पोरीला सगळ्यात शेवटी. आईचं शिक्षण सातवी.

आईचं सोपं होतं. तिचं सिम एअरटेलचं. 2025 च्या जुलैत एअरटेलनं सगळ्याच ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो एक वर्ष फुकट द्यायला काढलं, एरवी वर्षाचे 17 हजार रुपये पडतात म्हणे. एअरटेलचं थँक्स ॲप उघडलं, दोन ठिकाणी बोट लावलं, झालं. तू कोण, काय करतीस, कुठल्या कॉलेजात हायस, कुणी विचारलं नाही. आता ती दुपारी जेवण झाल्यावर त्याला गुडघेदुखीचं विचारत बसते आणि उत्तरात ते बारीक बारीक आकडे येतात ना, संदर्भाचे, ते बघून म्हणते, ह्यो खरं बोलायलाय, पुरावा देतोय.

माझं जिओ. ऑक्टोबर 2025 ला त्यांनी गूगलचं जेमिनी प्रो 18 महिने द्यायचं जाहीर केलं, 35,100 रुपयांचं. आधी 18 ते 25 वयाच्या पोरांना म्हणाले, मग अनलिमिटेड 5जी वाल्या सगळ्यांनाच म्हणाले, त्या सगळ्यांत मी. सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला त्याच्यासोबत मिळणारी, फोटो-फायली ठेवायची दोन टीबी जागा कशाला लागते मला बी माहीत नाही, पण मिळायलीय तर नको कशाला म्हणा. त्यात नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो पण भारतात एक वर्ष फुकट झालं, त्याच्या आधी महिन्याला 399 होतं.

आता पोरीचं ऐका. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. गूगलनं जुलै 2025 मध्ये खास विद्यार्थ्यांसाठी ऑफर काढली होती, एक वर्षाचं 19,500 चं सगळं फुकट, पण अट काय तर वय 18 पूर्ण पाहिजे. आमची तेव्हा साडेसतराची. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अठराची झाली तोवर मुदत कधीच संपलेली. म्हणजे विद्यार्थ्यांच्या ऑफरीत विद्यार्थी बसला नाही आणि सिमच्या ऑफरीत आजी बसली.

मग तिला कोड लिहून देणारं एक टूल पाहिजे झालं. कंपनी वेगळीच, नाव सांगत नाही, उगं कशाला. विद्यार्थी असाल तर फुकट, नसाल तर डॉलरमध्ये पैसे. पोरगी म्हणली, पप्पा पाच मिनिटाचं काम आहे, फक्त मी स्टुडंट आहे हे सिद्ध करायचंय. मी म्हणलं, त्यात काय सिद्ध करायचं, फी भरून माझा खिसा मोकळा झालाय की.

कॉलेजचा ईमेल टाका म्हणाले. कॉलेजनं ईमेल दिलेलाच नाही, व्हॉट्सॲप ग्रुप दिलाय. बरं मग कॉलेज निवडा. लिस्टमध्ये शोधलं तर जगातली सगळी कॉलेजं, आमचं नाही. विद्यापीठाचं नाव स्वतः टाईप करायला गेली तर 2019 पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, आणि त्या खोक्यात होळकरांपर्यंतच मजल गेली, सोलापूर बाहेरच राहिलं.

शेवटी आयकार्डाचा फोटो. नामंजूर. कारण कार्डावर चालू वर्ष नाही. मग फीची पावती. नामंजूर, नाव जुळत नाही. आता नाव कसं जुळणार, आधारवर पोरीचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, कॉलेजच्या कागदावर आडनाव आधी, मग नाव, मग माझं, मग तिच्या आईचं. सगळं खानदान हजर आहे तरी मशीन म्हणतंय ही मुलगी ती नव्हेच. जे मशीन म्हणे दहा हजार ओळींचा प्रोग्राम एका दमात समजून घेतं त्याला आपली नावं लिहायची पद्धत कळंना, ह्याला काय म्हणायचं.

शेजारचा पोरगा म्हणला, काका कशाला एवढं, टेलिग्रामवर परदेशी कॉलेजचा ईमेल मिळतोय दोनशे रुपयात. मी त्याला सरळ नको म्हणलं. दुसऱ्याच्या नावाचा ईमेल घ्यायचा, उद्या त्या कॉलेजनं तो बंद केला की अकाऊंट बी जाणार आणि पोरीनं त्यात केलेलं काम बी. परत आपलं नाव असून दुसऱ्याचं लावायचं, तेही विकत.

राहिलं बोनाफाईड. कॉलेजच्या ऑफिसात मीच गेलो, पोरीला प्रॅक्टिकल होतं. एप्रिलची दुपार, ऊन असलं की गाडीच्या सीटवर बसवंना. खिडकीपाशी गेलो तर शिपाईमामा म्हणाले, अर्ज आणलाय का? अर्ज आत मिळतो, आत साहेब आहेत, साहेब जेवायला गेलेत. थांबलो. साहेब आले, अर्ज बघून म्हणाले, कारण लिहा. आता कारण काय लिहू? शिष्यवृत्ती, बसपास, बँक अकाऊंट हे चालतं. मी लिहिलं, "एआय करिता." साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ही कुठली योजना? समाजकल्याणची का?"

मी समजावलं. अमेरिकेतली कंपनी आहे, तिला पटवून द्यायचंय की पोरगी तुमच्याकडंच शिकायलीय. साहेब म्हणाले, अमेरिकेला पाहिजे तर इंग्रजीत द्यावं लागंल, इंग्रजीचा नमुना मॅडमकडं आहे, मॅडम उद्या. आणि जावक नंबर पडल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. मी म्हणलं, नाव आडनाव शेवटी घालून लिहा आणि 2025-26 मोठं लिहा, नाहीतर मशीन परत पाठवतंय. "मशीन पाठवतंय?" साहेब म्हणाले, "आम्ही पण पाठवतोय की."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, नमुना निघाला, जावक नंबर पडला, प्राचार्यांची सही झाली. शिक्का मात्र असा उमटला की अर्धा गोल निळा आणि अर्धा कोराच. मी परत मारायला लावला, शाई दाबून. झेरॉक्सवाल्याकडं स्कॅन केलं, पोरीनं रात्री अपलोड केलं, आणि जेवण व्हायच्या आत मंजूर म्हणून मेल आला. ऑटोपेचं काही जोडलंय का ते तेवढं मी तिला लगेच बघायला लावलं आणि संपायच्या तारखेचं रिमाइंडर दोघांच्या मोबाईलवर टाकलं, कारण फुकटचं संपलं की ह्या लोकांना आपलं नाव बरोबर सापडतंय.

परवा कॉलेजात पोरीची राहिलेली पावती आणायला गेलो तर साहेबांनी खिडकीतनं हात केला. आत बोलावलं, चहा मागवला, खुर्ची दिली. मग हळूच म्हणाले, "अण्णा, ते तुमचं एआयचं झालं का? आमचा पोरगा बी इथंच आहे की, सेकंड इयरला. कसं भरायचं तेवढं सांगा ना."

मी म्हणलं, "सांगतो की, पण बोनाफाईड लागतंय. इंग्रजीत. मॅडम आहेत का आज?"

"मॅडम कशाला," म्हणत त्यांनी ड्रॉवर उघडला, आत सही-शिक्का मारलेले कोरे कागद गठ्ठ्यानं होते. "बोला, नाव आधी का आडनाव आधी?"