गावात व्याख्यानाला निघालेल्या संशोधकांसाठी

संशोधक महाशय, शोधनिबंध छापून आल्याबद्दल अभिनंदन. आता वरून पत्रही आलं असेल, की हे काम लोकांपर्यंत पोचवा. घाबरू नका. लोकांपर्यंत जाऊन, चहा घेऊन, शाल स्वीकारून, काम मात्र जसंच्या तसं परत आणता येतं. नाशिक जिल्ह्यात या विद्येचा सराव बराच आहे, म्हणून अनुभवाचे चार बोल सांगतो.

सगळ्यात आधी वेळ. द्राक्षवाल्यांचा कार्यक्रम गोडी छाटणीनंतरच, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतरच ठेवा; बाग पोंगा (नुकता फुटलेला कोंब) सोडून फुलोऱ्याकडे निघालेली असते तेव्हा. त्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचा माणूस सकाळी आभाळाकडे आणि दिवसभर पानाच्या खालच्या बाजूकडे बघत असतो. तो येणारच नाही. येतील ते सरपंच, निवृत्त गुरुजी आणि ज्यांनी बाग तोडून टाकलीय ते. कांदेवाल्यांना लिलाव चालू असताना बोलवा. लासलगावचे भाव मोबाईलवर येत असतात, सगळ्यांच्या माना खाली असतात, आणि व्यासपीठावरून बघणाऱ्याला वाटतं, काय मन लावून टिपणं घेताहेत!

आता विषयाकडे वळू. समजा डाऊनीवर, म्हणजे द्राक्षाची पानं आणि घड खाणाऱ्या रोगावर बोलायचंय. डाऊनी हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरात येऊन गेलेला आहे, तेव्हा त्याची ओळख करून देण्यात पहिली वीस मिनिटं घालवा. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हे नाव स्पष्ट उच्चारात तीनदा घ्या. ही तशी खरी बुरशी नव्हेच, वर्गीकरणात तिचं घर वेगळं आहे, हे ठासून सांगा. ज्याचा घड कुजतोय त्याला हे ऐकून फार हलकं वाटतं.

बोर्डोची गोष्ट मात्र चुकूनही काढू नका. डाऊनीवर फवारायचं बोर्डो मिश्रण समोरच्या प्रत्येकाने कालवलेलं असतं, मोरचूद आणि चुना; पण ते आलं कुठून हे बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर तिथले बागाईतदार मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे. का, तर निळी-पांढरी पानं बघून येणारे-जाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आलं, की बाकीच्या बागेची पानं डाऊनीने झडलीत आणि रस्त्याकडेच्या ओळी तेवढ्या हिरव्या आहेत. त्याने बागेच्या कारभाऱ्याला विचारलं, हे काय मारलंय? मग प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता ही गोष्ट ऐकली तर समोरचा शेतकरीही बोलायला लागेल, की साहेब, आमच्याकडेही बांधालगतच्या ओळीत असं असं दिसतं. आणि एकदा तो बोलू लागला की तुमच्या उरलेल्या बावन्न स्लाईडचं काय?

तरी एखादा उभा राहतोच. तो विचारील, "साहेब, पाऊस उघडल्यावर फवारणीला उशीर करू नका म्हणता, बरोबर आहे. पण ओळीत घोट्याएवढा चिखल आहे. ब्लोअरचा ट्रॅक्टर घातला तर जागेवर रुततो. वाफसा यायला दोन दिवस लागतील. तोवर काय करू?"

हा प्रश्न अतिशय धोकादायक आहे. तुमच्या प्रयोगाच्या प्लॉटला मुरमाचा रस्ता आहे, पाच मजूर आहेत आणि पाठीवरचा पंप आहे. त्यामुळे वाफसा नसेल तर काय, हा मुद्दा निबंधात आलेलाच नाही. अशा वेळी दोन वाक्यं पाठ असू द्या. एक, "हा स्थानिक स्वरूपाचा प्रश्न आहे." दुसरं, "यावर अधिक संशोधनाची गरज आहे." दोन्ही एकदम वापरू नका, संशय येतो.

तो माणूस मग संध्याकाळी कृषी सेवा केंद्रात जातो. काउंटरवरचा पोरगा त्याला नाना म्हणतो, पान उलटं करून बघतो आणि दोन मिनिटांत सांगतो, "आज धुरळणी करून घ्या, वाफसा आला की हे अन् हे एकत्र मारा, वरून औषध पानाला चिकटवणारं स्टिकर टाका. पैसे माल निघाल्यावर द्या." हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी गोदामात पडून असलेल्या मालाकडे बघून दिलेला असतो. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की रोग त्याला दाद देत नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला ते नीट माहीत आहे. निबंधाच्या अकराव्या पानावर, इंग्रजीत, तक्त्याच्या खाली बारीक टाइपात तुम्हीच लिहिलंय.

अंशमर्यादेचा, म्हणजे फळात औषधाचा किती अंश चालतो याचा विषय निघाला तर पीपीएमवर थांबा. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, इतकं सांगितलं की पुरे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा बागाईतदारांना या विषयाची जी शिकवणी मिळाली तिची फी तुमच्या व्याख्यानापेक्षा किती तरी जास्त होती. ती आठवण काढून लोकांचा मूड कशाला घालवा?

आरोग्यवाल्यांचं काम त्या मानाने सोपं. तिथे आकडे असतात आणि आकडे भीती घालतात. हजारात दोघांना होणारा आजार तिघांना होऊ लागला, तर "धोका पन्नास टक्क्यांनी वाढला" एवढंच म्हणा. हजाराचा उल्लेख टाळा. दुसऱ्या दिवशी छापूनही येईल.

डेंग्यूवर बोलायचं तर डासाचं चित्र भिंतीएवढं दाखवा, पायांवरचे पांढरे पट्टे मोजून घ्या, आणि "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" म्हणून खाली बसा. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून घासावी लागते. हे काही सांगत बसू नका. घासणं हा शब्द शास्त्रीय वाटत नाही. मागच्या रांगेतून एखादी मावशी म्हणेल, "डॉक्टर, आमच्याकडं पाणी येतं दिवसाआड. भरलेली टाकी ओतून देऊ होय?" तिला सांगा, पाणीपुरवठा आपल्या खात्याकडे येत नाही.

कुणी म्हणेल, अहो, जयंत नारळीकर तर विश्वाची उत्पत्ती मराठीत सांगायचे, आणि २०२१ सालचं नाशिकचं साहित्य संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालं. विचलित होऊ नका. त्यांचं सोपं होतं. आकाशगंगेत चिखल नसतो.

आणि तसा दोष तुमच्या एकट्याचा नाही, हेही मान्य केलं पाहिजे. बढतीच्या अर्जात निबंध किती हा रकाना असतो, किती जणांच्या बागा वाचल्या हा नसतो. त्यासाठी आहे तो अहवाल. त्यात "शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" हे शब्द हवेत, सह्यांचा कागद हवा आणि फोटो समोरून न काढता बाजूने काढलेला हवा, म्हणजे रिकाम्या खुर्च्या येत नाहीत.

जेवणं उरकून गाडीकडे निघाल की एक जण हमखास आडवा येईल. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत डाग पडलेली दोन पानं असतील. पिशवी घेऊ नका, घेतली तर बघावी लागते. घाईत असल्यासारखं करा, खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, "फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, बघून सांगतो." नंबर मागितला तर ऑफिसचा लँडलाइन द्या.