'घरबसल्या' या शब्दाबद्दल: धंतोलीकर यांना उत्तर

गेल्या आठवड्यातल्या माझ्या लेखाखाली 'धंतोलीकर' या नावानं लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. लेख होता हॉस्पिटलमधल्या आगीबद्दल, पेशंटजवळ रात्री थांबणाऱ्यांसाठी. वॉर्डाला दुसरं दार कुठे आहे, त्याला कुलूप आहे का, आपल्यापासून दारापर्यंत किती खाटा लागतात, आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, एवढं बघून ठेवा, असं मी लिहिलं होतं. धंतोलीकर स्वतः डॉक्टर आहेत, वीस खाटांचं नर्सिंग होम चालवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा लेखांनी लोक घाबरतात आणि भरती व्हायला उशीर करतात. भंडाऱ्याच्या नवजात कक्षाला आग लागली तेव्हा आत नातेवाईक नव्हतेच, मग त्यांच्या जागरूकतेनं कोण वाचलं असतं? लहान रुग्णालयांना आगीच्या यंत्रणेचा खर्च झेपत नाही. लेखात एक तारीख चुकली आहे. आणि शेवटचं वाक्य: "ताई, घरबसल्या लोकांना घाबरवणं सोपं असतं. एक रात्र वॉर्ड सांभाळून दाखवा."

तारखेचं खरं आहे. भंडाऱ्याची आग मी 8 जानेवारीची लिहिली होती, ती 8 च्या मध्यरात्रीनंतरची, म्हणजे 9 जानेवारी 2021 ची. आम्ही सिस्टर नाइट ड्यूटी ज्या दिवशी सुरू होते त्या तारखेची धरतो, त्या सवयीनं चूक झाली. दुरुस्त केली आहे. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता 'घरबसल्या'.

डॉक्टरसाहेब, मी 31 वर्षं नोकरी केली आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. नाइट किती केल्या त्याचा हिशेब माझ्याकडे नाही, गुडघ्यांकडे आहे. एक रात्र सांभाळून दाखवा म्हणता, तर त्यातली एक सांगते. रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही.

मे महिना, हाडांचा वॉर्ड. खाटा चाळीस, पेशंट त्याहून जास्त, उरलेले खाली गाद्यांवर. ड्यूटीवर मी, एक नवीन सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. खिडक्यांना मोठे लोखंडी कुलर. रात्री अडीचच्या सुमारास एका कुलरमधलं पाणी संपलं, पंप कोरडा फिरत राहिला आणि जळाला. मे महिन्यात कुलरच्या गवती ताट्या वाळल्या की कशा होतात हे नागपूरकराला सांगायला नको. आधी वास आला, मग धूर आणि मग ताटीच पेटली.

अर्धे पेशंट ट्रॅक्शनला. पाय वर टांगलेला, दोरीला वजन. तो माणूस उठून पळू शकत नाही. नुसती दोरी कापली तर वजन खाली आपटतं आणि मोडलेलं हाड हलून तो किंचाळतो. आधी एकानं वजन हातावर तोलायचं, मग दुसऱ्यानं दोरी सोडायची. एका पेशंटला दोन माणसं. आमच्याकडे तीन माणसं होती.

मी मागच्या दाराकडे धावले. दाराला साखळी आणि कुलूप. वॉर्डातून मोबाईल, पाकिटं चोरीला जायची म्हणून लावलेलं. मामा म्हणाला, "सिस्टर, किल्ली तं गार्डजवळ हाये, अन् गार्ड खाली गेटवर हाये."

त्या रात्री पेशंट कोणी हलवले सांगू? नातेवाइकांनी. काटोलकडचे एक म्हातारे शेतकरी मुलाजवळ खाली सतरंजीवर झोपले होते. त्यांनी गादीच्या दोन टोकांची गाठ मारली आणि मुलाला गादीसकट जमिनीवरून ओढत पुढच्या दारानं शेजारच्या वॉर्डात नेलं. परत आले आणि दुसऱ्याला नेलं. त्यांचं बघून बाकीचे उठले. जिना उतरायची गरजच पडली नाही. दोन वॉर्डांमधलं दार आम्ही ओढून घेतलं आणि धूर आमच्याच वॉर्डात राहिला. त्याच मजल्यावर दारापलीकडे न्यायचं, दार बंद करायचं, ही हॉस्पिटल रिकामं करण्याची पहिली पायरी असते, हे मी पुढे कित्येक वर्षांनी एका प्रशिक्षणात ऐकलं. म्हाताऱ्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. कोणी दगावलं नाही. मला मात्र मेमो मिळाला, कुलरमध्ये पाणी का पाहिलं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या दाराला कुलूप परत लागलं.

म्हणून मी नातेवाइकांसाठी लिहिते. रात्री दोन वाजता आपल्याकडच्या कुठल्याही जनरल वॉर्डात जा. स्टाफ बोटांवर मोजण्याइतका आणि प्रत्येक खाटेशेजारी एक धडधाकट माणूस झोपलेला. फायर ब्रिगेड येईपर्यंत जे हात आहेत ते एवढेच. त्या हातांना दार कुठे आहे हे माहीत असावं, एवढं मागणं म्हणजे घाबरवणं असेल तर मी घाबरवणारच.

कोलकात्याचं आठवतं? 9 डिसेंबर 2011, मोठं नावाजलेलं खासगी रुग्णालय. तळघरात ठेवलेल्या सामानाला आग लागली आणि धूर वर चढला. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक गुदमरून. शेजारच्या वस्तीतली पोरं धूर बघून मदतीला धावली, तर गार्डनी त्यांना आधी परत पाठवलं, असं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. नंतर तीच पोरं भिंतीवरून चढून आत गेली. रुग्णांना बाहेर काढता काढता केरळच्या दोन तरुण सिस्टर तिथे गेल्या. त्यांच्याबद्दल वाचल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही. आणि तुम्ही मला 'घरबसल्या' म्हणता. हा शब्द तुम्ही एखाद्या निवृत्त सर्जनला लिहिला असता का, एवढं स्वतःला विचारा. 'ताई' लावल्यानं वाक्य सभ्य होत नाही.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. लोक घाबरून भरती होत नाहीत म्हणता. आगीला घाबरून घरी राहिलेला एक पेशंट मला 31 वर्षांत भेटला नाही. बिलाला घाबरलेले रोज भेटले. भंडाऱ्याचा मुद्दा वकिली थाटाचा आहे. सतरापैकी दहा बाळं गेली तिथे. ती तुम्ही वाद जिंकायला वापरलीत, याचं मला जास्त लागलं. त्यावर आणखी बोलणार नाही. खर्चाचं म्हणाल, तर दाराचं कुलूप काढायला किती खर्च येतो? महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानं इमारतीच्या मालकानं किंवा वापरणाऱ्यानं जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा, आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म द्यायचा असतो. तुम्ही देतच असाल. मग निम्मा खर्च होतोच आहे.

एक मात्र तुमच्या नागपुरातल्या धंतोली परिसराबद्दल विचारते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरात शिरलं, मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. धंतोली तिथून किती लांब आहे? बंगल्यांची रुग्णालयं झालेल्या त्या गल्ल्यांत किती जनरेटर तळघरात आहेत? 2012 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये समुद्राचं पाणी शिरून एका मोठ्या रुग्णालयाची वीज गेली, तेव्हा सिस्टरनी नवजात बाळं हातात घेऊन, हातानं श्वास द्यायची अंबू बॅग दाबत दाबत नऊ मजले उतरवली. त्यांनी ते करून दाखवलं, कारण तयारी होती. आपल्याकडे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय 1957 पासून याच शहरात आहे, देशभरचे अधिकारी इथे येऊन शिकतात, आणि तिथून पाच-सात किलोमीटरवरच्या वॉर्डातल्या सिस्टरनं सिलिंडरची पिन एकदाही ओढून पाहिलेली नसते. याचा मला संताप येतो. तो लेखात दिसला असेल तर दिसू दे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. दोनदा वाचली. एवढ्या लांब मजकुरात तुमच्या वीस खाटांना मागचं दार आहे की नाही, ते कुठे सापडलं नाही. असेल आणि त्याला कुलूप असेल, तर किल्ली रात्री कोणाजवळ असते तेवढं कळवा. लगेच छापते.