खुलासा : स्कीइंगला दोन-दोन मोजे घालू नका

‘स्कीइंगला जाताना एकावर एक दोन-तीन मोजे चढवा, पाय गरम राहतात’ हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. स्कीचा बूट मुळातच कडक आणि घट्ट. त्यात जादा मोजे कोंबले की पाय आवळला जातो, बोटांपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. घोट्यापाशी मोज्याची एक चुणी पडली तरी तिथे लाल वळ उठतो. गुडघ्याखालपर्यंत येणारा, लोकरीचा एकच पातळ मोजा पुरे. सुती तर नकोच, घामाने भिजला की तो लवकर वाळत नाही. थरांवर थर चढवायचे ते अंगावर, बुटात नव्हे. बोटं बधिर वाटली तर आधी बुटाची बक्कलं सैल करा. तरीही जाणीव परतली नाही तर कृपा करून अंगावर काढू नका, लगेच उबेला जा.