पेरोव्हस्काइट सेलला उष्णता खरंच बाधत नाही?

उन्हाळा तापला की एक मेसेज फिरू लागतो: ‘जितकं ऊन कडक, तितकी सोलरची वीज जास्त. त्यात पेरोव्हस्काइट सेलला उष्णता बाधतच नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ पेरोव्हस्काइट म्हणजे उजेडापासून वीज करणाऱ्या स्फटिकांचा एक नवा प्रकार; नेहमीची पॅनेल सिलिकॉनची असतात. आपल्याकडे छतावर पॅनेल बसवणारे वाढलेत, म्हणून हे नीट तपासायला हवं.

वीज उजेडापासून होते, उष्णतेपासून नाही. मे महिन्यात हवा ४४ अंश असली तर पॅनेल ६५ च्या पुढे सहज जातं आणि सिलिकॉनची क्षमता दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. पॅनेलवर छापलेले वॉट मात्र २५ अंशांचे असतात.

‘उष्णता बाधत नाही’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. पेरोव्हस्काइटची घट बहुधा दर अंशाला ०.१ ते ०.२ टक्केच असते. तापल्यावर सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) आकसतो, पेरोव्हस्काइटचा उलट किंचित रुंदावतो.

पण हा हिशेब त्या दुपारपुरता. सेल टिकणार किती, हा प्रश्न वेगळा. मिथिलअमोनियम लेड आयोडाइड या नेहमीच्या पेरोव्हस्काइटची फिल्म, म्हणजे पातळ थर, १०० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवली की काही मिनिटांत स्फटिक बनून काळीभोर होते. तो क्षण बघण्यासारखा असतो. तीच फिल्म तिथेच विसरलात, तर पिवळी पडू लागते. मिथिलअमोनियम उडून जातं, मागे लेड आयोडाइड उरतं. ८५ अंशांवरही हेच होतं, फक्त सावकाश, आणि दमट हवा नसली तरी होतं. शिवाय ५५ अंशांच्या आसपास या स्फटिकाची रचनाच बदलते. म्हणजे आपल्या छतावर उन्हाळ्यात रोज दोनदा, चढताना आणि उतरताना. तापल्यावर तो काचेच्या कित्येक पट प्रसरण पावतो, त्यामुळे थरांवर ताण येतो. आयोडाइडचे आयनही उष्णतेत जास्त सैरावैरा होतात.

यावर उपाय शोधले गेलेत. मिथिलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम वापरतात. ते उष्णता जास्त सोसतं, पण साध्या तापमानाला त्याची काळी फिल्म हळूहळू पिवळी होते, म्हणून त्यात सिझियम मिसळावं लागतं. प्रगती खरी आहे, मला तिचं मनापासून कौतुक आहे.

राहिलं ‘प्रयोगशाळेत सिद्ध’. २००९ मध्ये ३.८ टक्के असलेली कार्यक्षमता आज २६ च्या वर गेली, पण हे विक्रम छोट्या सेलवर, २५ अंशांना मोजलेले आहेत. कुणी पेरोव्हस्काइट पॅनेल विकायला आलं तर एवढंच विचारा: ८५ अंशांवर, भर उजेडात, वीज देत असताना हे किती तास चाललं आणि शेवटी किती टक्के उरलं?