‘जग उपाशी मरणार’ म्हणणाऱ्या मेसेजला कोरडवाहू शेतातून उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला गावच्या तीन ग्रुपवर आला, वरून जावयानेही पाठवला. मजकूर असा: 2050 मध्ये जगाची लोकसंख्या 1000 कोटी होणार, तोवर अन्नाचं उत्पादन दुप्पट झालं नाही तर माणसं उपाशी मरतील. पाच एकरांच्या तुकड्यांवर जग पोसलं जात नाही, ते मोठ्या कंपन्यांना कसायला द्या. ज्वारीसारखी जुनी, कमी उत्पन्नाची पिकं सोडा. शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा’.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझी साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. मेसेज माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेला आहे, तेव्हा उत्तरही आमच्यातूनच जायला पाहिजे.

आधी आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजाप्रमाणे 2050 मध्ये आपण साधारण 970 कोटी असू. 2080 च्या दशकात 1030 कोटींच्या आसपास जाऊन संख्या उतरायला लागेल. नोव्हेंबर 2022 मध्ये आपण 800 कोटी झालो. म्हणजे खाणारी तोंडं वाढणार पाचव्या हिश्श्याने, मग अन्न दुप्पट कोणासाठी? आजच जगात वर्षाला 280 कोटी टनांच्या आसपास तृणधान्य पिकतं. भागाकार करून पाहा, माणशी रोज साडेनऊशे ग्रॅम येतं. एवढं कोणी खात नाही. त्यातला तिसरा हिस्सा जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो, अमेरिकेत तर मक्याचा मोठा वाटा इथेनॉल होऊन गाड्यांत जळतो. आणि एवढं पिकूनही 2023 मध्ये जगात 73 कोटींच्या घरात माणसं भुकेली होती.

पिकलेलं वाया जातं, त्याचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. 2022 या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून जगात 105 कोटी टन अन्न फेकलं गेलं. दुकानापर्यंत येण्याआधीच, कापणीपासून वाहतुकीपर्यंत, जे सडतं-सांडतं ते वेगळं.

ते कसं होतं, ते मी पाहिलेलं आहे. 2024 च्या ऑक्टोबरात सोयाबीन सवंगून (कापून) गंजी लावली आणि दोनच दिवसांत पाऊस आला. ताडपत्री होती, पण खालून ओल चढली. गंजीत हात घातला तर आत गरम वाफ होती, तळच्या शेंगांना कोंब आले होते. मळणी करून माल मंडईत नेला. मशीनने ओलावा 16 दाखवला. हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये, व्यापाऱ्याने माझा माल 3900 ने घेतला. गावात पक्कं खळं असतं, चार दिवस माल ठेवायला गोदाम असतं, तर हेच सोयाबीन वाळून 12 टक्क्यांवर आलं असतं. एकरी एक पोतं जास्त पिकवण्यापेक्षा पिकलेलं एक पोतं वाचवणं स्वस्त पडतं, एवढी गोष्ट अजून नियोजनात आलेली नाही याचा मला मनापासून राग येतो.

आता पाच एकरांच्या तुकड्यांचं. जगात दोन हेक्टरपेक्षा लहान शेतं एकूण शेतजमिनीच्या 12 टक्क्यांवर आहेत आणि जगाचं सुमारे 35 टक्के अन्न ती पिकवतात. दोन हेक्टर म्हणजे आमचे पाच एकर. आणि एचएमटी तांदूळ कोणत्या कंपनीने काढला? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी, आपल्या धानाच्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून निवडून. 2018 मध्ये ते गेले.

ज्वारीच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबतो. आमच्या शिवारातून ज्वारी गेली हे खरं आहे. पण ती कमी पिकते म्हणून गेली नाही. रानडुकरं, पाखरं आणि पडलेला भाव यांनी तिला घालवलं. माय होती तेव्हा कपाशीच्या तासांमधून मूग, बरबटी (चवळी), अंबाडी, तीळ असायचं, तुरीचा तास वेगळा. पावसाने दडी मारली तरी त्यातलं काहीतरी घरात यायचंच. आता तणनाशकाच्या फवाऱ्यात अंबाडी टिकत नाही. शिवारभर सोयाबीन आणि कपाशी उभी असते, आणि घरात डाळ, तेल, पीठ सगळं दुकानातून येतं. क्विंटलभर सोयाबीनमधून अठरा किलोच्या आसपास तेल निघतं, उरलेली बहुतेक ढेप (पेंड) कोंबड्यांकडे जाते. उत्पादन वाढलं की भूक आपोआप मिटते, हे आमचं शिवार पाहिल्यावर तरी कोणी म्हणू नये.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्यात, कुपोषणाने लेकरं गेली तेव्हा देशात धान्याचा दुष्काळ नव्हता. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, त्याने चूल पेटते हे मी नाकारत नाही. पण गहू-तांदळावर लेकराचं हाडपेर भरत नाही, त्याला डाळ लागते, भाजी लागते.

मेसेजमधली एक ओळ मला पटली: पाऊस बेभरवशाचा होतोय, पिकं कशी टिकणार? हा प्रश्न खरा आहे. सप्टेंबरात वीस दिवस उघाड पडली की शेंगा भरत नाहीत, आणि त्या वेळी एक ओलित (पाण्याची पाळी) मिळालं तर पीक हाती लागतं. त्यासाठी शेततळं पाहिजे, ओल धरणारी जमीन पाहिजे, ताण सोसणारं वाण पाहिजे. विद्यापीठांनी असं वाण दिलं तर आम्ही आनंदाने पेरू.

यंदा मी बांधाकडच्या अर्ध्या एकरात ज्वारी पेरली. दाणा भरल्यापासून कापणीपर्यंत रोज रात्री बॅटरी आणि डबा घेऊन मचाणावर बसलो, कारण तारेच्या कुंपणाचा खर्च झेपला नाही. चार क्विंटल झाली, कडबा वेगळा. वर्षाच्या भाकरीची सोय झाली. शेजारच्या चौघांनी बियाणं मागून ठेवलंय, पण चौघांचाही प्रश्न एकच आहे: डुकरं कोण हाकणार, आणि जास्तीची ज्वारी हमीभावाने कोण घेणार? ती सरकारने इथेच मोजून घ्यावी आणि याच तालुक्याच्या अंगणवाडीत, रेशनवर द्यावी. कुंपणाची सोय तेवढी पेरणीच्या आधी व्हावी.