भावा, तूपण एकदा व्यवस्था मोडून बघ

शाळा, कॉलेज, पेपर, टीव्ही हे सगळं मेलंय ही बातमी तुझ्यापर्यंत आली नसेल तर भावा तू कोल्हापुरात राजारामपुरीत चहा पीत नाहीस एवढाच त्याचा अर्थ. परवा तिथल्या एका कॅफेत शेजारच्या टेबलावरचा पोरगा मोबाईल ग्लासाला टेकवून त्यात सांगत होता की डिग्री म्हणजे निव्वळ कागद, आणि मला एकदम वाटलं अरे हा धंदा आपल्याला उशिरा कळला. मग काय, चौकशी केली, ४,९९९ भरून शनिवार-रविवारच्या एका मास्टरक्लासला पण बसलो (कोणाचा ते विचारू नको, गेले पैसे, जेवणात पनीर होतं), आणि तिथं जे कळलं ते तुला फुकट सांगतोय.

आधी स्वतःची डिग्री घेऊन ठेव. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी सांगत नाही. तो पेपाल काढणाऱ्यांतला अब्जाधीश पीटर थील बघ, स्टॅनफर्डातनं तत्त्वज्ञान झालं, तिथंच वकिली पण शिकून झाली, आणि मग २०११ पासनं वीस वर्षांच्या आतल्या पोरांना एकेक लाख डॉलर द्यायला लागला, कशासाठी तर कॉलेज सोडा म्हणून. माणूस माडीवर पोचला की त्याला शिडीची किडकी लाकडं बरोबर दिसायला लागतात. तूपण आधी पोच.

ड्रॉपआउटच्या गोष्टी सांगायच्या त्या नीट कापून सांगायच्या. बिल गेट्सनं १९७५ ला हार्वर्ड सोडलं, हे जोरात. त्याच्या शाळेत १९६८ लाच कॉम्प्युटरचं टर्मिनल आलं होतं आणि वडील सिएटलमधले मोठे वकील होते, हे कशाला? रील दीड मिनिटाचं असतंय. आणि २००७ ला गेट्स, २०१७ ला झुकरबर्ग, दोघंही त्याच हार्वर्डात परत जाऊन मानद डॉक्टरेट घेऊन आले, झगा घालून फोटो काढला, हे तर चुकूनसुद्धा तोंडातनं काढायचं नाही. माझा भाचा मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, तो असलंच काहीतरी ऐकून घरी आला आणि म्हणाला, मी कॉलेज सोडतोय, झुकरबर्गनं पण सोडलंवतं. आमची ताई भाकरी थापत होती. मान पण वर न करता म्हणाली, "त्याला किती केट्या होत्या रं?"

असले प्रश्न पेठेत येणारच, तयारी ठेव.

मग भविष्य सांगायचं. इथं मुदत महत्त्वाची. पाच वर्षं म्हणू नको, पाच वर्षांनी लोक भेटतात, आणि आपल्याकडं तर मिरजकर तिकटीला रोजच भेटतात. पन्नास म्हण. सेबास्टियन थ्रन नावाचा स्टॅनफर्डचा प्रोफेसर, त्यानं २०११ ला एआयचा कोर्स ऑनलाइन फुकट ठेवला तर १ लाख ६० हजार जणांनी नाव घातलं, त्या जोशात त्यानं उडॅसिटी ही ऑनलाइन कोर्सची कंपनी काढली आणि २०१२ ला सांगून टाकलं की पन्नास वर्षांत जगात उच्च शिक्षण देणाऱ्या दहाच संस्था उरतील. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग करून बघितला, निम्म्याहून जास्त पोरं नापास झाली, आणि मग त्यानंच कबूल केलं की आपला माल भिकार आहे. खरं सांगायचं तर एवढं कबूल करणारा पण तो एकटाच, म्हणून त्याचं अनुकरण इथपर्यंतच कर, कबुलीच्या आधी थांब. २०२४ ला ती कंपनी ॲक्सेंचरनं घेतली. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासनं आहे तिथंच आहे, सकाळी फिरायला जा, मोर दिसतात.

मोठं व्हायची घाई असेल तर बायजूचा, त्या ऑनलाइन शिकवणीवाल्या कंपनीचा, रस्ता आहे. २०२२ ला किंमत २२ अब्ज डॉलर, टीम इंडियाच्या छातीवर नाव, आणि २०२३ ला त्याच जर्सीचे १५८ कोटी थकले म्हणून क्रिकेट बोर्डानंच दिवाळखोरीच्या कोर्टात ओढलं. पण २०१९ ते २०२२ काय थाट होता! विषय हार्ड!

मीडियाचं सोपं आहे. पेपर वाचणाऱ्याला हसायचं, एवढं पुरतं. मस्कनं २०२२ ला ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतलं आणि ती निळी खूण महिना ८ डॉलरला विकायला काढली. म्हणजे आधी खुणेचा अर्थ होता की हा माणूस तोच आहे हे आम्ही तपासलंय, नंतर अर्थ झाला की ह्यानं पैसे भरलेत. जग याला क्रांती म्हणालं, आपण कोल्हापूरकर नुसतं बघत बसलो, कारण आपल्याकडं फ्लेक्सवर फोटोचे पैसे भरले की माणूस रात्रीत युवा नेता होतोय, आणि त्याला कधी कोणी टेक्नॉलॉजी म्हटलं नाही. मार्केटिंगमध्ये आपण कमी पडलो, दुसरं काय.

आता एक धोक्याची सूचना. या गावात संस्थांना धक्का देणारे लोक आधी होऊन गेलेत, त्यांच्या नादाला लागू नको, त्यांना धंदा कळत नव्हता. शाहू महाराज बघ. २६ जुलै १९०२ ला जाहीरनामा काढून सरकारी नोकरीतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण फुकट आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना १ रुपया दंड. म्हणजे आलेल्या गिऱ्हाइकाकडनं दमडी घ्यायची नाही आणि न आलेल्याला दंड! हे मॉडेल कुठल्या इन्व्हेस्टरपुढं मांडशील? मीडियात पण तसंच, १९२० ला बाबासाहेबांच्या मूकनायकला २,५०० रुपये दिले आणि हिस्सा मागितला नाही.

कर्मवीर भाऊराव त्याहून वेगळे नाहीत. जन्म आपल्याच कुंभोजचा, १९१९ ला कऱ्हाडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी बायकोचे, लक्ष्मीबाईंचे, दागिने गेले, शेवटी मंगळसूत्र पण. आता असं घरच्या पैशावर उभं करण्याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात, तू घरात विचारून बघ एकदा. आणि बाबूराव पेंटर, नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, बाहेरनं कॅमेरा मिळेना तर इथंच घडवला आणि १९२० ला त्यावर केलेला सैरंध्री सिनेमा लोकांपुढं आणला. ना पिच डेक, ना इनक्युबेटर. आज उद्यमनगरात कुठल्या लेथवाल्याला म्हटलं की हे डीप-टेक आहे, तर तो म्हणेल, आधी माप सांगा.

ह्या सगळ्यांची एक समजूत होती की शिकायला आलेल्या पोराला निजायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. म्हणून दसरा चौकात जाशील तिथं बोर्डिंग. त्यात भाड्याची, किराण्याची, ढेकणांची सगळी कटकट आली. तू त्यात पडायचंच नाही. तुझी कम्युनिटी व्हॉट्सॲपवर, तिला भूक लागत नाही.

एवढं झालं की शाहूपुरीत वन बीएचके भाड्यानं घे आणि आत बीन बॅग टाक. नावात अकॅडमी घालू नको, अकॅडमी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना पोलीस भरती आठवते आणि पहाटे पाचला पोरं शॉर्ट घालून दारात उभी राहतात. लॅब म्हण, नाहीतर कलेक्टिव्ह. परीक्षा नाही, हजेरी नाही, वर्ग नाही, फी मात्र तीन हप्त्यांत, आणि पहिला हप्ता नॉन-रिफंडेबल. भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो लाव, इथं चालतंय.

माझ्या एका दोस्तानं असं सगळं शिस्तीत केलं. पहिल्या बॅचला अकरा पोरं आली. त्यानं तासभर भाषण केलं की शिक्के मारणाऱ्या व्यवस्थेचा अंत झालाय, टाळ्याबिळ्या पडल्या, झकास. प्रश्न विचारा म्हणाला तर राधानगरीकडनं येणारा एक पोरगा मागनं उठला.

"सर, बोनाफाईड मिळंल का? एसटीच्या पासला लागतंय."

दोस्त म्हणाला, साध्या कागदावर लिहून देतो की. दुसऱ्या दिवशी पोरगं परत. खिडकीवरनं हाकललं होतं, लेटरहेड पायजे, जावक क्रमांक पायजे, शिक्का पायजे. बाकीच्या दहाजणांनी पण तेवढ्यात आपापले फॉर्म बाहेर काढले.

तर ही वेळ तुझ्यावर पण येणार, तेव्हा गडबडू नको. महाद्वार रोडच्या बाजूला शिक्के करणारे बसतात, अर्ध्या तासात देतात. तो दोनच गोष्टी विचारतो, नाव काय घालू, आणि गोल का चौकोनी. गोल सांग.