४० एकदा, ६० दोनदा

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मे २०२१ मध्ये बाबा कोविडने आयसीयूत होते, रोज पोटात इंजेक्शनं, बेंबीभोवती सगळं काळंनिळं, सहाव्या दिवशी शौचातून रक्त, मग चार पिशव्या रक्त चढवावं लागलं. "प्रतिबंधाच्या नावाखाली माणसाला मरणाच्या दारात नेता आणि वर लेख लिहिता," असं तुम्ही लिहिलंय. माझ्या लेखातलं एक वाक्य या रागाला पात्र आहेच: "दाखल असलेल्या प्रत्येकाला हेपरिन द्यायलाच हवं." हेपरिन म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायचं औषध; त्याचा डोस न सांगता असं लिहिणं ही माझी चूक. ते वाक्य आज बदललं आहे.

कारण सगळा प्रश्न डोसचाच आहे. डिस्चार्ज कार्डावरून तुम्ही उतरवून दिलंत: एनॉक्सापॅरिन (हेपरिनचाच एक प्रकार) ६० मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ. गुठळी होऊ नये म्हणून देतात तो नेहमीचा डोस ४० मिग्रॅ, दिवसातून एकदाच. किलोमागे १ मिग्रॅ दिवसातून दोनदा, हा झालेल्या गुठळीवरच्या उपचाराचा डोस. बाबांचं वजन साठच्या आसपास असेल तर हिशेब तिथेच जुळतो. म्हणजे त्यांना मिळाला तो प्रतिबंधाचा डोस नव्हताच. पायाचा डॉपलर किंवा छातीचा सीटी अँजिओ होऊन गुठळी सापडली होती का, हे कागद पाहिल्याशिवाय मी त्या डॉक्टरांना दोष देणार नाही.

मी स्वतः २०२० मध्ये असे डोस वाढवले आहेत. नेदरलँड्समधल्या आयसीयूंतून एप्रिलमध्ये बातमी आली, की नेहमीचा डोस चालू असूनही १८४ रुग्णांत गुठळ्यांचं प्रमाण ३१ टक्के. आम्ही नडगीवर बॉलपेनने खूण करून रोज पोटरीचा घेर टेपने मोजायचो. एका आजोबांची डावी पोटरी रात्रीतून तीन सेंटिमीटर फुगली, आणि त्या दिवशी शेजारच्या खाटांवरच्यांचेही डोस वाढले. नुसत्या भीतीने.

मग अनेक देशांत मिळून झालेल्या चाचण्यांचे निकाल आले. वॉर्डातल्या २२१९ रुग्णांत उपचाराच्या डोसचा फायदा दिसला: अवयवांना यंत्राचा आधार न लागता घरी गेलेले ८०.२ टक्के, नेहमीच्या डोसवर ७६.४. आयसीयूतल्या १०९८ रुग्णांत मात्र मोठ्या डोसवर ६२.७ टक्के वाचले आणि नेहमीच्या डोसवर ६४.५, मोठा रक्तस्राव ३.८ विरुद्ध २.३ टक्के. आजार जास्त तर औषध जास्त, ही आमची समजूत इथे उलटी पडली. बहुधा तोवर फुप्फुसातली हानी होऊन गेलेली असते आणि उरतो तो फक्त रक्तस्रावाचा धोका. चाचणीत आयसीयूतले नवे रुग्ण घेणं डिसेंबर २०२० मध्येच थांबवलं होतं. बाबा दाखल झाले त्याच्या पाच महिने आधी. तुमची तक्रार मला इथे पटते.

पण म्हणून ४० एकदा हेही चुकीचं, असं मी म्हणणार नाही. ताप, सूज आणि दिवसचे दिवस न हललेले पाय, यांत रक्त गोठतं, आणि गुठळी पायातून सुटून फुप्फुसात अडकली तर वेळच मिळत नाही. पोटावरचे डाग सुईचे असतात, ते ४० वरही पडतात. ऍस्पिरिनचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये कोविडच्या जवळपास १५ हजार रुग्णांवर पाहिलं. २८ दिवसांतले मृत्यू ऍस्पिरिन दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत, दोन्हीकडे १७ टक्के. आणि ताप डेंग्यूचा असण्याची शंका असेल तर ऍस्पिरिन अजिबात नको.

बाबांचे त्या आठवड्यातले रिपोर्ट असतील तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा) आकडा बघा. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं; ते थकलेलं असेल तर अंगात साठत जातं आणि ६० दोनदा हा डोस आणखीच जड होतो. पुढे कधीही, कशासाठीही त्यांना दाखल करायची वेळ आली, तर पहिल्याच तासात सांगा: हेपरिनवर आतड्यातून रक्त गेलं होतं. मग सुईऐवजी पायांना हवेचे पट्टे लावायचे, की कमी डोस जपून द्यायचा, हे डॉक्टरांना ठरवता येईल. कार्डाची झेरॉक्स बाबांच्या पाकिटात ठेवा.